धाकटीचं पोट

४ फेब्रुवारी

ओळंब्या,

फोन करू नकोस असं तुला दर वेळी लिहितो, कारण दगड फोडून फोडून माझे कान गेलेत आणि मी नुसता ‘हो हो’ करतो. कागदावर बरं असतं.

मुद्द्याचं लिहितो. धाकटीचं पोट दिसायला लागलंय. आधी वाटलं माझ्याच डोळ्यांचा भास. रोज बघणाऱ्याला लवकर कळत नाही. पण परवा सकाळी ऊन तिरपं पडलं होतं तेव्हा बाजूने पाहिलं, आणि शंका राहिली नाही. तीन-चार महिन्यांपासून चालू असणार. ती बिचारी काय बोलणार, मलाच आधी कळायला हवं होतं. अजून कुणाला सांगितलेलं नाही. वस्तीत एकाला कळलं की दहा जण सल्ले द्यायला येतात.

पंधरा दिवसांनी येतील म्हणून दोन माणसं सांगून ठेवलीत. पण माझी घाई होतेय का, कळत नाही. आमच्या वेळची रीत वेगळी, आता सगळं पुढे गेलंय. तू शिकलेली. काय करू ते लिही. जमलं तर एकदा येऊन बघून जा. तू बघितलंस की मला झोप लागेल.

पोट माझंही सुटलंय, पण त्याचं कारण मला माहीत आहे. त्यावर सल्ला नको.

तुझा मामा

•

११ फेब्रुवारी

मामा,

तुमचं पत्र काल मिळालं. वाचून बरं वाटलं.

घाबरू नका. पोट दिसायला लागलं की घरच्यांना वाटतं, लगेच काहीतरी करायला हवं. तसं नसतं. ही नैसर्गिक गोष्ट आहे आणि तिची वेळ ठरलेली असते. उगीच हात लावायचा नाही, दाबादाबी नको, लेप नकोत, जुन्या रीतीचे कुठलेही उपाय नकोत. वेळ भरली की मोकळी होईल. त्या दोन माणसांना आत्ता येऊ नका म्हणून सांगा. खरं काम नंतरच असतं.

थोडं सामान वेगळ्या पार्सलने पाठवते आहे. पोचलं की वापरायला काढा. तोवर काहीही करू नका.

माझं येणं अवघड आहे. एका पुलाचे नकाशे तपासायला आले आहेत आणि मी सही केल्याशिवाय ते पुढे जात नाहीत. शिवाय मी येऊन त्यात काय बघणार?

मी ठीक. खोली तीच, पोटभाड्याची. मूळ भाडेकरू अजून नळ दुरुस्त करत नाही.

तिला जपायला सांगा.

भाची

•

२७ फेब्रुवारी

फोनवर तू गप्प बसतेस आणि मला वाटतं लाइन गेली, म्हणून लिहिते आहे.

मंगळवारी सकाळी घरामागची भिंत पडली. उताराची माती अडवणाऱ्या दोन भिंतींपैकी खालची. बाबांची ‘धाकटी’. तुला आठवत असेल, ताई आणि मी, आम्हा दोघी बहिणींवरून त्यांनी वरच्या भिंतीला थोरली आणि खालचीला धाकटी म्हणायला सुरुवात केली होती, आणि ‘मी काय भिंत आहे का’ म्हणून मी दोन दिवस रुसले होते.

बाबा दोरीला टांगलेला ओळंबा धरून तिच्यासमोरच उभे होते. उजवा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला, टाच चुरडली. डॉक्टर म्हणतात चालतील, पण बांधकामाच्या परांचीवर पुन्हा चढायचं नाही. माझा शिवणक्लास बंद. मागच्या खोलीत खिडकीपर्यंत माती आहे. चार मशीन बाहेर काढली, पाचवं अजून आतच.

आता वस्तीची कमिटी मागे लागली आहे. या उतारावर बाबांनी बांधलेल्या आणखी नऊ भिंती आहेत. त्या पाडायच्या का, ते पाच एप्रिलला ठरणार. कमिटीवाल्यांनी दवाखान्यात येऊन बाबांना एकच विचारलं, “आधी काही दिसलं होतं का?” बाबा म्हणाले, “नाही. काहीच दिसलं नाही.”

तू सांग, हे शक्य आहे? हा माणूस मुलगी बघायला आलेल्यांच्या घरी जाऊन आला आणि आईने विचारलं, “माणसं कशी आहेत?” तर म्हणाला, “स्वयंपाकघराची भिंत ओळंब्यात नाही.” त्यांना स्वतःच्या दारातलं दिसलं नाही? लोक आता उघड हसतात. पेपर टाकणाऱ्यापासून सगळे म्हणतात, म्हाताऱ्याची नजर गेली, मग हातही गेला असणार.

तू इंजिनीअर आहेस. भिंत का पडली असेल ते सांग.

धाकटी
(न पडलेली)

•

४ मार्च

मामा,

अपघाताचं कळलं. पायाला प्लास्टर किती आठवड्यांचं आहे आणि टाचेवर दुसरं ऑपरेशन ठरलं आहे का, ते कळवा.

माती अडवणारी भिंत बहुतेक वेळा मातीने पडत नाही, पाण्याने पडते. मागे पाणी साचलं की दाब वाढतो. पाणी जायला ठेवलेली भोकं चालू होती का, वरच्या रस्त्याची पाण्याची लाइन कुठे झिरपत होती का, आणि भिंत किती फुगली होती, याची माहिती मिळाल्यास मी कारणाबद्दल अधिक निश्चित लिहू शकेन.

काळजी घ्या.

भाची

•

१३ मार्च

ओळंब्या,

तुझं पत्र ऑफिसच्या लिफाफ्यात आलं तर नर्सला वाटलं सरकारी नोटीस. वाचून दाखवू का म्हणाली. म्हटलं, नको बाई, माझी भाची आहे, तिचं प्रेम असंच टाइप केलेलं असतं.

आकडे माझ्याकडे आहेत. तू विचारशील हे माहीत होतं, म्हणून तुझं पत्र आल्यापासून रोज सकाळी ओळंबा सोडून वहीत लिहीत होतो. पहिल्या दिवशी दोन बोटं पोट होतं. शनिवारी अडीच. सोमवारी तीन. मंगळवारचा आकडा लिहायचा राहिला.

टेकू लावणारी दोन माणसं तू म्हणालीस तशी परत पाठवली. पार्सलची वाट बघत होतो. मला वाटलं, भेग वाढतेय का ते कळायला चिकटवतात ती काचेची पट्टी पाठवत असशील, किंवा काही नवं निघालं असेल. ते अजून आलेलं नाही.

आता नीट ऐक. कमिटीला मी सांगितलंय की मला काही दिसलं नाही आणि मी कुणाला विचारलं नाही. तुझं पत्र थापीच्या पिशवीत तळाशी आहे. ते कुणी बघणार नाही. न बघता सल्ला दिलास एवढंच तुझं चुकलं, आणि न बघता सल्ला मागितला हे माझं. तुझ्या सहीवर पूल उभे राहतात. ती सही माझ्या दारातल्या सहा फुटी भिंतीपायी जायला नको. माझ्या पोटात आहे ते पोटातच राहील.

एक कोडं मात्र सुटत नाही. भिंतीने पोट काढलं हे ‘वाचून बरं वाटलं’ असं तू का लिहिलंस? शिकलेल्या माणसांचं तसं काही बोलणं असतं का?

मामा

•

२० मार्च

तुझं पार्सल काल आलं. पोस्टाने ते आधी दुसऱ्याच गावाला फिरवून आणलं. वर माझं नाव होतं म्हणून मी उघडलं.

लोकरीचं टोपडं. पिवळं. आणि मोज्यांचे दोन जोड, माझ्या अंगठ्यात बसतील एवढे.

लग्नाला सहा वर्षं झाली. त्यातली चार मी कुठल्या कुठल्या दवाखान्यांत बसून काढली, ते तुला माहीत आहे, कारण दोन वेळा तू माझ्या शेजारी बसली होतीस. बाबा पाय टांगून पडलेत, क्लासमध्ये चिखल आहे, आणि तू मला टोपडं पाठवतेस. विनोद असेल तर मला कळला नाही. टोमणा असेल तर कळला.

बाबांना काही बोलले नाही. ते आधीच भिंतीकडे तोंड करून असतात. नऊ भिंतींच्या मालकांपैकी सहा जणांनी पाडायच्या बाजूने सह्या केल्या. एक जण तर दवाखान्यात येऊन म्हणाला, “काका, वाईट वाटून घेऊ नका, पण ज्याला स्वतःच्या भिंतीचं पोट दिसलं नाही त्याच्या भिंतीखाली आम्ही मुलं कशी झोपवायची?” बाबा म्हणाले, “बरोबर आहे तुझं.”

एवढंच. उत्तर नाही पाठवलंस तरी चालेल.

•

२४ मार्च

धाकटी,

उत्तर पाठवते आहे. क्रमाने लिहिते, कारण मला दुसरं येत नाही.

४ फेब्रुवारीला मामांनी मला लिहिलं, ‘धाकटीचं पोट दिसायला लागलंय.’ ते भिंतीबद्दल होतं. मी ते तुझ्याबद्दल वाचलं. काय करू, असं त्यांनी विचारलं होतं. मी लिहिलं, हात लावू नका, माणसं परत पाठवा, वेळ भरली की मोकळी होईल. त्यांना वाटलं इंजिनीअर बोलते आहे. मी बाळंतपणाबद्दल बोलत होते, ज्यातलं मला काहीही कळत नाही. त्यांनी टेकू थांबवले आणि माझ्या पार्सलची वाट पाहिली. ते पार्सल तुझ्याकडे आहे.

म्हणजे त्यांना दिसलं होतं. तीन बोटांपर्यंत मोजलेलं आहे, वहीत आहे. मंगळवारी ते भिंतीखाली होते, कारण मी आकडे विचारीन असं त्यांना वाटलं.

तुझं २७ तारखेचं पत्र वाचताना ‘बाबांची धाकटी’ या शब्दांवर मला सगळं कळलं. ऑफिसात होते. पत्र घडी करून नकाशांखाली सारलं. त्यानंतर दोन दिवसांनी मी मामांना जे पत्र लिहिलं ते तू पाहिलं नाहीस, हे बरं आहे. मी त्यांना भिंतीमागच्या पाण्याचा दाब समजावून सांगितला.

भिंतीचं नाव मी विसरले नव्हते. ते मला आठवलं नाही. या दोन गोष्टींत फरक आहे. ती भिंत बांधताना मी आठ वर्षांची होते. माझी आई जाऊन तेव्हा चार महिने झाले होते आणि मी तुमच्याकडे राहायला येऊन तीन. मामांनी माझ्या हातात ओळंबा दिला आणि म्हणाले, हा हलायचा थांबला की मला सांग. मी दिवसभर बोलत नसे, पण तेवढं सांगायचे. म्हणून मला ओळंब्या हे नाव पडलं. पोट हा शब्द भिंतीसाठी मी त्यांच्याकडूनच शिकले. कॉलेजात त्याला दुसरा शब्द निघाला. मी तो वापरू लागले आणि हा शब्द फक्त माणसांसाठी ठेवला.

या आठवड्यात मी तो शब्द सगळीकडे मोजते आहे. कराराच्या पोटकलमात आहे. जिन्याखालच्या पोटमाळ्यावर आहे. ऑफिसातला शिपाई पोटतिडकीने बोलतो, हिशेबनीस बाईंचं कुणाचं बरं झालं की पोट दुखतं. मामांनी मला पोटच्या पोरीसारखं वाढवलं, असं लोक म्हणतात. तुझ्याबद्दल असं म्हणावं लागत नाही.

खरं अजून एक आहे, ते फक्त तुला लिहिते. त्यांनी ‘येऊन बघून जा’ लिहिलं होतं, आणि त्या आठवड्यात माझी तीन दिवसांची रजा होती. मी खोलीतच बसले. तुझं पोट दिसत असेल तर तिथे माझं काही काम नाही, असं वाटलं. ते वाटणं सोयीचं होतं. भिंत असती तर यावं लागलं असतं. म्हणून मी बाळ वाचलं, असं मी म्हणत नाही. पण तसं नाही, असंही मला सिद्ध करता येत नाही.

टोमणा नव्हता. ते टोपडं मी तीन दुकानं फिरून घेतलं. मला खरंच आनंद झाला होता. तुला हे वाचून बरं वाटणार नाही, पण ते खरं आहे.

मी कमिटीला पत्र लिहिते आहे. मामा नको म्हणतील. त्यांना आधी सांगू नकोस.

•

२९ मार्च

ओळंब्या गं,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा रडले. दुसऱ्यांदा ‘वेळ भरली की मोकळी होईल’ इथे आले आणि इतकी हसले की पोट धरून जमिनीवर बसले. नवरा धावत आला, त्याला वाटलं बाबा गेले. त्याला सांगायला तोंड उघडलं की पुन्हा हसू. मग पुन्हा रडले. झालं ते झालं. टोपडं परत पाठवत नाही.

तू लिहिलंस म्हणून मीही लिहिते. भिंतीच्या भोकांतून पाणी झिरपायचं. क्लासच्या बायका चपला मागच्या अंगणात काढतात, तिथे चिखल व्हायचा. सप्टेंबरमध्ये भिंतीला रंग द्यायच्या निमित्ताने मी ती भोकं सिमेंटने बुजवून घेतली. सातही. बाबांना सांगितलं, नुसता रंग देते आहे. ते म्हणाले, “छान, पिवळा दे.”

तू मागच्या पाण्याबद्दल त्यांना लिहिलं होतंस, हे मला आत्ता कळलं. म्हणजे तुझ्या कारणाचं कारण मी आहे. महिनाभर माझ्या पोटात हे आहे आणि मी बाबांना सूप भरवते आहे.

कमिटीच्या पत्रात हे पण घाल. माझ्या नावाने. मला तुझ्यासारखं क्रमाने लिहिता येत नाही.

•

३१ मार्च

मामा,

सोबत कमिटीला पाठवलेल्या पत्राची प्रत आहे. त्यात चार गोष्टी आहेत. भिंत फुगल्याचं तुम्हाला पडण्याच्या तीन आठवडे आधी दिसलं होतं. तुम्ही टेकूची माणसं बोलावली होती. ती माझ्या लेखी सल्ल्यावरून परत पाठवली गेली. भिंतीची पाणी जायची सात भोकं सप्टेंबरपासून बंद होती, ती तुम्ही बंद केलेली नव्हती. तुमच्या वहीतले आकडे जोडायला धाकटीला सांगितलं आहे. बाकीच्या नऊ भिंतींची भोकं आधी तपासावीत, पाडण्याचा निर्णय त्यानंतर घ्यावा, असं सुचवलं आहे. मी काय समजून सल्ला दिला, तेही लिहिलं आहे. लोक हसतील. हसू देत.

हेच पत्र मी आमच्या साहेबांना दाखवलं. चौकशी होईपर्यंत मी नकाशांवर सही करायची नाही, असं ठरलं. ते योग्य आहे.

तुमच्या कोड्याचं उत्तर प्रतीच्या दुसऱ्या पानावर आहे. ‘वाचून बरं वाटलं’ हे मी भिंतीबद्दल लिहिलं नव्हतं.

तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात आणि तुमचं नाव घालवलंत, आणि मी ते चार आठवडे चालू दिलं. पहिली चूक शब्दाची होती. ही शब्दाची नव्हती. मला माफी कशी मागायची ते येत नाही. एवढंच म्हणते, हे पोटात घाला.

तुमची
भाची

•

८ एप्रिल

ओळंब्या,

पत्र कमिटीत मोठ्याने वाचलं. मला खुर्चीसकट उचलून नेलं होतं. ऐकू येत नव्हतं, पण कुठल्या ओळीवर आहेत ते तोंडं बघून कळत होतं. आधी सगळे गंभीर. मग दुसरं पान आलं आणि कमिटीचा अध्यक्ष, जो स्वतःच्या लग्नातही हसला नव्हता, तो टेबलाखाली गेला. म्हातारे-कोतारे डोळे पुसत होते. मग एकदम शांत झालं आणि तो दवाखान्यात आलेला माणूस माझ्या कानाशी येऊन ओरडला, “म्हणजे काका, तुम्हाला दिसलं होतं?”

म्हटलं, “दोन बोटं होतं तेव्हाच.”

तेवढंच मला पाहिजे होतं. तेवढंच पाहिजे आहे हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

भिंती तूर्त पाडत नाहीत. भोकं तपासली. चार घरांत बुजवलेली निघाली. कुणी उंदरांसाठी, कुणी शोभेसाठी, एकाने त्यात इलेक्ट्रिकची वायर घातली होती.

भोकांचं मला ठाऊक होतं. त्या मंगळवारी मला उचलून नेताना पडलेले दगड बघितले, भोकांच्या तोंडाला सिमेंट. रंग कुणी दिला ते माहीतच होतं. ते पण पोटात टाकलं. आणि माझं स्वतःचं सांगतो, जे कुणीच लिहिलेलं नाही. सप्टेंबरपासून ती भिंत कोरडी होती, आणि मी चाळीस वर्षं थापी धरलेला गवंडी, कोरडी बघून खूश होतो. म्हटलं, पाणी आटलं. पाणी असं आटतं होय?

आता तुझं. पोटात घाला म्हणतेस. नाही घालणार. एक तुझं, एक पोरीचं, एक माझं, महिनाभर घालत होतो. पाणी आत, भोकं बंद, वरून रंग. अशाने काय होतं ते मी पायाने बघितलंय. तुला काय म्हणायचंय ते इथे येऊन, माझ्यासमोर, मोठ्याने म्हण. कान गेलेत, त्यामुळे सगळ्या वस्तीला ऐकू जाईल. जाऊ दे.

नवी भिंत पुढच्या महिन्यात घेतोय. मी खुर्चीत बसून सांगणार, बांधणारे दुसरे. ओळंबा धरायला माणूस पाहिजे. सही करायची नाही म्हणजे तुला वेळ असणार.

टोपडं धाकटीने आणून दिलं. भिंतीने नाही, पोरीने. आता नीट लिहायची सवय लावतोय. तिला विचारलं, हे मी घेऊ का? ती म्हणाली, सध्या घ्या, लागलं तर मागून घेईन. ओळंब्याचं पितळ खुंटीवर काळं पडतं, म्हणून त्याला घातलंय.

बरोबर बसलं.

मामा